चरखंड आणि तात्कालिक गति : कुंडलच्या पलभेचें एक उदाहरण

जुन्या पंचांगांचीं सुटीं पानें, ग्रहलाघवाच्या पोथ्या आणि जोशांच्या घरांतील टिपणवह्या ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांस पानाच्या समासांत किंवा शेवटीं, कसलाही खुलासा न देतां लिहिलेले तीन लहान आंकडे केव्हां ना केव्हां भेटले असतील. पहिला मोठा, दुसरा त्याहून कांहींसा लहान व तिसरा पहिल्याच्या सुमारें तृतीयांश, असें त्यांचें स्वरूप असतें. ते बहुधा चरखंड होत. पोथीचें नांव, कर्ता, शक व लेखक यांची नोंद करतांना संग्राहक हे आंकडे बाजूस टाकतो. कारण त्यांवर ना तिथि असते ना नांव. आमच्या मतें ही हयगय आहे. पान कोणत्या टापूंतील, हें ठरविण्यास या तीन आंकड्यांइतका निःपक्षपाती साक्षीदार क्वचितच मिळतो. मात्र या साक्षीदारास किती खोल प्रश्न विचारावा यास मर्यादा आहे, आणि ती मर्यादा गणितानें नेमकी सांगतां येते. प्रस्तुत लेखाचा विषय ती मर्यादा हाच आहे.

उदाहरणासाठीं आम्हीं कुंडल हें गांव घेतलें आहे. कलिकुंड पार्श्वनाथ व झरी पार्श्वनाथ या जैन क्षेत्रांमुळें तें यात्रेकरूंस ठाऊक आहे. संस्थानी अमदानींत तें औंधकडे होतें. त्याच संस्थानाच्या माळावर शेजारींच १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली, व पूर्वीं कुंडल रोड या नांवानें ओळखलें जाणारें आगगाडीचें स्थानक पुढें किर्लोस्करवाडीचें झालें. संस्थान विलीन झाल्यावर १९४९ मध्यें दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला, आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. म्हणजे एकाच गांवच्या कागदावर औंध, सातारा, दक्षिण सातारा व सांगली अशीं चार नांवें संभवतात. पलभा मात्र या सर्व काळांत बदलली नाहीं. म्हणूनच हें उदाहरण आम्हांस सोयीचें वाटलें.

पलभा म्हणजे विषुवदिनीं मध्यान्हकाळीं बारा अंगुळांच्या शंकूची पडणारी छाया. कुंडलचे अक्षांश सुमारें १७ अंश ७ कला आहेत. त्यावरून तेथील पलभा ३ अंगुळें ४२ व्यंगुळें, म्हणजे ३.७ अंगुळें येते. गणेश दैवज्ञांनीं शके १४४२ हा आरंभ धरून रचलेल्या ग्रहलाघवांत चरखंडांची रीत अत्यंत सुटसुटीत दिली आहे. पलभा तीन ठिकाणीं मांडावी. एकीस १० नें, दुसरीस ८ नें, तिसरीस १० नें गुणून तिसरीस पुन्हां ३ नें भागावें. कुंडलसाठीं हे खंड ३७, २९.६ व १२.३३ पळें येतात. सायन रवि विषुवापासून एक राशि पुढें गेला म्हणजे चर ३७ पळें, दोन राशि गेला म्हणजे ६६.६, आणि तीन राशि, अर्थात् अयनबिंदूस पोंचला म्हणजे ७८.९३ पळें. पंधरा घटिकांत हें चर मिळविलें कीं उत्तर गोलांतील दिनार्ध मिळतें. दक्षिण गोलांत तें वजा करावयाचें. उत्तरायणाच्या अंतीं कुंडलचा दिवस या रीतीनें ३२ घटिका ३८ पळें, म्हणजे १३ तास ३ मिनिटांहून किंचित् अधिक भरतो.

दहा, आठ आणि दहा तृतीयांश हे गुणक कोठून आले? परमक्रांति २४ अंश धरून, ज्याचापांचें सर्व गणित एकदां करून ठेवून, त्याचें सार या तीन अंकांत भरलें आहे. ज्याचापांवांचून ग्रहगणित करून दाखविणें ही गणेशांची प्रतिज्ञा होती, आणि ती त्यांनीं किती कौशल्यानें पाळली हें ताडून पाहण्यासारखें आहे. २४ अंश परमक्रांति व ३.७ पलभा घेऊन आम्हीं संपूर्ण त्रिकोणमितीनें चर काढलें तेव्हां तीं तीन मूल्यें ३६.७२, ६६.६४ व ७८.९० पळें आलीं. म्हणजे रीतीची चूक पहिल्या राशीस ०.२८ पळ, दुसऱ्यास ०.०४ व तिसऱ्यास ०.०३. एक पळ म्हणजे २४ सेकंद. सर्वांत मोठी चूक सात सेकंदांच्या आंत आहे. वाळूच्या किंवा पाण्याच्या घटिकायंत्रावर सूर्योदय पाहणाऱ्यास ती दिसणें शक्यच नव्हतें. ग्रहलाघव महाराष्ट्रभर पंचांगकारांच्या हातीं कां राहिलें याचें एक कारण येथें स्पष्ट होतें.

परंतु चर किती हा एक प्रश्न, आणि तें रोज कितीनें वाढतें हा दुसरा. पंचांगकारास दुसऱ्याचीही गरज पडते, कारण दिनमानाचा स्तंभ तो रोजच्या वाढीवरून भरतो. येथें रूढ रीत अशी कीं चालू राशीचा खंड, ज्यास भोग्यखंड म्हणतात, तो ३० नें भागावा. आलेलें फळ एका अंशाची वाढ. कुंडलला पहिल्या राशींत ही वाढ अंशास ३७ भागिले ३०, म्हणजे १.२३३ पळ, किंवा १ पळ १४ विपळें. दुसऱ्या राशींत ०.९८७, तिसऱ्यांत ०.४११. या रीतीनें वाढ राशिभर एकसारखी राहते आणि राशि ओलांडतांच एकदम उडी मारते. आकाशांत अशी उडी कोठें नाहीं. विशेषतः अयनबिंदूपाशीं दिवस वाढावयाचा थांबतो, तेथें वाढीचें मान शून्य असलें पाहिजे. पण भोग्यखंड शेवटच्या अंशापर्यंत ०.४११ पळ सांगतो आणि पुढच्याच अंशास तितकाच ऱ्हास सांगूं लागतो. ही चूक मोठ्यांत मोठ्या वाढीच्या, जी विषुवापाशीं असते तिच्या, तृतीयांशाइतकी आहे. चर सात सेकंदांपर्यंत शुद्ध आणि त्याची गति तृतीयांशानें अशुद्ध, हें एकाच कोष्टकांतून निघतें.

या विसंगतीकडे आपल्या देशांत ज्यांनीं प्रथम स्पष्टपणें बोट दाखविलें त्यांत भास्कराचार्यांचें स्थान मोठें आहे. सिद्धांतशिरोमणि हा ग्रंथ ११५० सालचा. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं नातू चांगदेव यानें मठ स्थापिला, व त्याचा शके ११२८ चा शिलालेख चाळीसगांवजवळील पाटण येथें आहे, हें वाचकांस विदितच आहे. सिद्धांतशिरोमणीच्या स्पष्टाधिकारांत आचार्य म्हणतात त्याचा आशय असा : आजच्या व उद्यांच्या स्पष्ट ग्रहांचें अंतर ही स्थूल गति, त्या क्षणींची गति पाहिजे तर कोटिज्येवरून काढावी. चंद्राची गति शीघ्र असल्यामुळें जवळच्या तिथ्यंताच्या साधनांत हा भेद उपेक्षणीय नाहीं, असेंही ते बजावतात. चोवीस ज्यांच्या कोष्टकांत दोन ज्यांमधील अंतर २२५ कला. पहिला खंड २२५ आणि शेवटचा ७. शेवटचा खंड ७ असला तरी नव्वदाव्या अंशावर ज्येची वाढ शून्यच असते. आचार्यांचा तात्कालिक भोग्यखंड, म्हणजे २२५ ला कोटिज्येनें गुणून त्रिज्येनें भागलेला, तेथें शून्यच देतो. कोष्टकाच्या खंडाची चूक ७, आणि ती चूक तो शेवटचा खंड स्वतःच आहे.

येथें थोडें थांबणें अवश्य आहे, कारण एक समज सर्वत्र आढळतो कीं खंड हा स्थूल म्हणून खोटा. तसें नाहीं. ज्येचा खंड हा आपल्या मध्यबिंदूवरील गति जवळजवळ अचूक सांगतो. ३ अंश ४५ कलांच्या खंडांत ही चूक केवळ ५६०० त एक एवढी पडते. चूक होते ती तीच गति खंडाच्या टोकांस लावण्यांत. टोकाशीं ती अर्ध्या खंडांतील गतीच्या बदलाइतकी, म्हणजे पूर्ण गतीच्या शेंकडा सव्वातीनपर्यंत जाते. खंडाचा आंकडा खरा, त्याची जागा चुकीची. चराच्या खंडाची लांबी ३० अंश असल्यामुळें हाच दोष तेथें आठपट होतो. चराच्या गतीचा बदल अयनबिंदूपाशीं सर्वांत मोठा. तो मोजून त्याला अर्ध्या राशीनें गुणलें असतां टोकाकडील चुकीची कमाल मर्यादा अंशास ०.४३ पळ येते. प्रत्यक्ष चूक ०.४१ आपण वर पाहिलीच. मर्यादा आधीं सांगावी आणि चूक तिच्या आंत सांपडावी, यांतच गणिताचें समाधान असतें.

मग राशीराशींचींच तीन चरें हातीं असतांना वाढीचें मान याहून शुद्ध काढतां येईल काय? येथें युरोपांतील एका गोष्टीकडे वळावें लागतें. पॅलास हा लघुग्रह १८०२ सालीं सांपडला. त्याच्या मार्गासंबंधीं दर ३० अंशांस एक याप्रमाणें वर्तुळभर १२ मूल्यें घेऊन, त्या बाराही बिंदूंतून जाणारी ज्या-कोज्यांची मालिका कशी बांधावी, हें जर्मन गणिती गौस यानें १८०५ च्या सुमारास लॅटिन भाषेंत लिहून ठेवलें. तो लेख त्याच्या पश्चात् १८६६ सालीं छापला गेला. वर्तुळाचे बारा समान भाग, प्रत्येकाच्या आरंभीं एक मूल्य. आमच्या जोशास ही मांडणी परकी वाटण्याचें कारण नाहीं, त्या बारा राशीच होत. आवर्ती राशीस, म्हणजे एक फेरा होतांच पुन्हां तेंच मूल्य घेणाऱ्या राशीस, सरळ रेषांच्या तुकड्यांनीं न सांधतां तिच्याच जातीच्या ज्यांनीं सांधणें हें या रीतीचें मर्म. यास त्रिकोणमितीय अंतर्वेशन म्हणतात. मालिका एकदां हातीं आली कीं प्रत्येक ज्येच्या जागीं कोज्या घालून तिची गति तत्काळ लिहितां येते. मालिकेंत एकच ज्या असेल तर आलेलें उत्तर भास्कराचार्यांच्या तात्कालिक गतीहून वेगळें नसतें. यावरून गौसाची रीत आमच्याकडे सहाशें वर्षें आधींच होती असें म्हणण्याचा मोह कांहीं लेखकांस होतो. आम्हांस तो मान्य नाहीं. बारा मूल्यांवरून अनेक ज्यांचे गुणक सोडविणें ही स्वतंत्र कल्पना आहे. भास्कराचार्यांचा मोठेपणा त्या दाव्यावर अवलंबून नाहीं.

चराचें गणित या रीतीस फारच अनुकूल आहे. विषुवाच्या दोन बाजूंस चर सारखें व विरुद्ध, आणि अयनबिंदूच्या दोन बाजूंस सारखें व एकाच दिशेचें असल्यामुळें बारा मूल्यांपैकीं तीनच स्वतंत्र उरतात, आणि मालिकेंत केवळ एकपट, तिप्पट व पांचपट भुजाच्या ज्या येतात. तीन खंड, तीन गुणक. विषुवाजवळच्या वाढीसाठीं तर सर्व गणित एका ओळींत आवरतें : पहिल्या चराची चौपट घ्यावी, दुसऱ्याची २.३०९४ पट तींतून वजा करावी, तिसरें चर मिळवावें, आणि बेरजेस ५७.२९५८ नें भागावें. उत्तर एका अंशाची वाढ.

आम्हीं प्रथम हें गणित ग्रहलाघवाच्याच खंडांवर केलें, आणि निराश झालों. ३७, ६६.६ व ७८.९३ यांवरून वाढ १.२७६ पळ आली. संपूर्ण त्रिकोणमितीनें विषुवापाशीं खरी वाढ १.२५४ आहे. साध्या भागाकारानें ती १.२३३ आली होती. म्हणजे इतक्या खटाटोपाचें फळ जुन्या भोग्यखंडाइतकेंच अशुद्ध, केवळ विरुद्ध बाजूस. दोन दिवस आम्ही रीतींत चूक शोधीत होतों. शेवटीं खंडांच्या जागीं त्रिकोणमितीचीं शुद्ध चरें, ३६.७२, ६६.६४ व ७८.९०, घालून पाहिलीं तेव्हां १.२५४६ आली, खऱ्या १.२५४१ शीं फरक अंशास एका पळाच्या दोन सहस्रांशांत एक. पंचेचाळिसाव्या अंशावर ताडून पाहिलें, तेथें तर फरक दहा सहस्रांशांत एकाच्याही आंत. रीत निर्दोष होती. आंकडे तिच्या योग्यतेचे नव्हते.

गुणक शेजारीं ठेवून पाहिले कीं दोष कोठें आहे हें दिसतें. शुद्ध चरांवरून एकपट, तिप्पट व पांचपट भुजाच्या ज्यांचे गुणक अनुक्रमें ७७.०२, उणे १.८२ व ०.०७ पळ येतात. ग्रहलाघवाच्या खंडांवरून ते ७७.१०, उणे १.६४ व ०.१९. पहिला गुणक हजारांत एकानें बदलला आहे, तो कोणाच्या लक्षांतही येणार नाहीं. पण तिसरा जवळजवळ तिप्पट झाला आहे. चर काढावयाचें असतां हा तिसरा गुणक जसाच्या तसा येतो, आणि अष्टमांश पळाचा फरक दृष्टीआड होतो. गति काढतांना मात्र प्रत्येक गुणक आपल्या पटीनें गुणला जातो. पांचपट भुजाची ज्या पांचपट वेगानें डोलते, म्हणून तिची चूकही पांचपट होऊन बाहेर येते.

आतां चुकीची मर्यादा. ती दोन भागांची आहे, आणि दोन्ही भाग निराळे ठेवणें महत्त्वाचें. पहिला भाग रीतीचा : बारा बिंदूंवरून सातपट, नऊपट व अकरापट भुजाच्या ज्या ओळखतां येत नाहींत. त्या बिंदूंवर सातपटीची ज्या पांचपटीचें, नऊपटीची तिपटीचें व अकरापटीची एकपटीचें उलटें सोंग घेते. गति घेतांना गाळलेल्या ज्येची पट आणि तिनें सोंग घेतलेल्या ज्येची पट दोन्ही मिळून चूक करतात. सात व पांच, नऊ व तीन, अकरा व एक, बेरीज सर्वत्र बाराच. म्हणून रीतीची चूक गाळलेल्या या गुणकांच्या बेरजेच्या बारापटीहून अधिक असूं शकत नाहीं. अकराच्या पलीकडचे गुणक इतके क्षुद्र कीं त्यांचा हिशेब नको. कुंडलच्या चरांत सातपटीचा गुणक ०.००२५ पळाच्या घरांत आहे, आणि पुढचे प्रत्येक पायरीस वीसपटींहून अधिक वेगानें घटतात. बारापट करून अंशांत आणलें कीं मर्यादा ०.०००५ पळ, वर आलेला फरक नेमका तेवढाच होता. चरासारखी गुळगुळीत चढउताराची राशि असेल तर बिंदू थोडे वाढविले तरी ही चूक झपाट्यानें नाहींशी होते.

दुसरा भाग आंकड्यांचा. वरील ओळींतील चार, २.३०९४ व एक या गुणकांची बेरीज ७.३०९४ आहे. प्रत्येक चरांत जास्तींत जास्त एक पळाची चूक असेल तर वाढींत अंशास ०.१२७६ पळाहून अधिक चूक होणार नाहीं. चुका एकमेकींस वाईटांत वाईट रीतीनें मिळाल्या तर तेवढी होईलही. पूर्ण पळांत लिहिलेल्या चरांत चूक अर्ध्या पळापर्यंत असते, म्हणून वाढींतील चूक ०.०६४ पर्यंत जाऊं शकते. ती खऱ्या वाढीच्या शेंकडा पांच आहे. वाढ एका विपळापर्यंत शुद्ध पाहिजे असेल तर चरें अष्टमांश पळापर्यंत शुद्ध लिहिलेलीं हवींत. आणि हा भाग बिंदू वाढविल्यानें कमी होत नाहीं, उलट वाढतो. बिंदू जितके अधिक तितक्या वरच्या पटींच्या ज्या मालिकेंत शिरतात. कमाल n पटीच्या मालिकेची गति तिच्या स्वतःच्या कमाल मूल्याच्या n पटीहून मोठी होऊं शकत नाहीं, हा सिद्धांत रशियन गणिती बर्नस्टाइन याच्या १९१२ च्या कामापासून त्याच्या नांवानें चालतो. उलट दिशेनें वाचला तर तो लेखनिकास इशारा आहे : कोष्टकांतील एका अंकाची हयगय गतींत कितीपट होऊन उमटेल याचा तो माप देतो.

याशिवाय एक तिसरी चूक आहे, ती रीतीची नव्हे आणि लेखनाचीही नव्हे. परमक्रांति २४ अंश नाहीं. आज ती २३ अंश २६ कला आहे. तीवरून कुंडलचें कमाल चर ७६.८० पळ येतें, म्हणजे ग्रहलाघवापेक्षां दोन पळांहून थोडें अधिक कमी, ५१ सेकंद. विषुवापाशींची वाढ १.२५४ नव्हे तर १.२२६. गंमत अशी कीं साध्या भोग्यखंडाची १.२३३ ही वाढ या आकाशांतील खऱ्या मानास आमच्या शुद्ध केलेल्या १.२५४६ पेक्षां अधिक जवळ पडते. दोन चुका परस्परांस खोडून गेल्या आहेत. अशा योगायोगावरून गणेश दैवज्ञांनीं मुद्दाम तसें साधलें असें अनुमान काढणें धोक्याचें. दुसऱ्या व तिसऱ्या राशींत तो योग टिकत नाहीं. दृक्प्रत्ययाच्या बाजूनें आणखी एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. वातावरणांतील वक्रीभवन व सूर्यबिंबाची त्रिज्या मिळून दिसणारा सूर्योदय कुंडलास विषुवदिनीं सुमारें पावणेनऊ पळें आधीं होतो. ही चूक वरील सर्व चुकांहून मोठी. पण ती वर्षभर जवळजवळ सारखीच, अयनदिनींही साडेनऊ पळांच्या आसपास, राहत असल्यामुळें वाढ काढतांना बहुतेक गळून पडते. केरो लक्ष्मण छत्रे यांच्या १८६० च्या ग्रहसाधनाच्या कोष्टकांपासून नवीं मानें मराठींत आलीं. तत्पूर्वींच्या पानावर तीं शोधूं नयेत.

आतां संग्राहकाच्या कामाकडे येऊं. पानावर पहिला चरखंड ३७ पूर्ण पळांत लिहिला आहे असें समजा. मूळ संख्या ३६.५ व ३७.५ यांच्या दरम्यान; म्हणून पलभा ३ अंगुळें ३९ व्यंगुळें ते ३ अंगुळें ४५ व्यंगुळें, आणि अक्षांश १६ अंश ५५ कला ते १७ अंश २१ कला. या पट्ट्यांत कुंडल येतें, तासगांव येतें, विटें व कऱ्हाड येतें. सांगलीचा पहिला खंड ३६ आणि साताऱ्याचा ३८. दोन्ही बाहेर राहतात. एका अंकानें सुमारें ४८ किलोमीटर रुंदीचा पट्टा वेगळा निघतो, ही साक्ष लहान नव्हे. पण कुंडल कीं कऱ्हाड हें या अंकावरून ठरविणें त्याच्या शक्तीबाहेरचें आहे, आणि तसा निर्णय कोणी छापला तर तो मानूं नये. पूर्व-पश्चिम दिशेविषयीं तर चर कांहींच बोलत नाहीं. पलभा छायेवरून प्रत्यक्ष मोजली असेल तर आणखी जपून : सूर्यबिंबाच्या रुंदीमुळें बारा अंगुळांच्या शंकूच्या छायेची कडा तेथें सात व्यंगुळांइतकी धूसर असते, आणि तीन व्यंगुळें हललीं कीं खंड अर्धा पळ हलतो.

दिनमानाच्या रोजच्या वाढीचा स्तंभ पानावर असेल तर त्यावरून गांव शोधण्याच्या भरीस मुळींच पडूं नये. वाढीची चूक वर दाखविल्याप्रमाणें शेंकडा पांचपर्यंत जाऊं शकते, आणि शेंकडा पांच म्हणजे अक्षांशांत पाऊण अंशाहून अधिक. सातारा आणि सांगली एकाच पानांत मावतील. त्या स्तंभाचा उपयोग निराळा आहे. त्यावरून पान कोणत्या रीतीनें तयार झालें हें कळतें. कुंडलच्या पलभेस अंशाची वाढ राशिभर १ पळ १४ विपळें एकसारखी असेल आणि अयनाजवळ २५ विपळांवर अडून बसली असेल तर लेखकानें भोग्यखंड ३० नें भागला आहे. विषुवापाशीं १ पळ १५, पंचेचाळिसाव्या अंशावर १ पळ १ विपळ, आणि अयनाकडे हळूहळू शून्य अशी ती उतरत गेली असेल तर त्यानें ज्याचापाचें गणित केलें आहे, मग पोथीवर नांव ग्रहलाघवाचें असो. पूर्ण पळांतील चरांवरून वाढ काढून तिच्याशीं जुळत नाहीं म्हणून मूळ अंक खोडून दुरुस्त करण्याची संवय कांहीं प्रतींवर दिसते. अशा दुरुस्त्या नकलून घेतांना मूळ अंक व शोधलेला अंक दोन्ही द्यावेत, आणि शाईचा रंग वेगळा असल्यास तोही नोंदावा.